ग्लेबला सांगायचं नाही

झाखार येफिमिच प्र्याखिनला संघातल्या पोरांची तोंडं जेवढी ओळखीची होती, त्याहून त्यांच्या पाठी जास्त ओळखीच्या होत्या. एकवीस वर्षं तो सोव्हिएत संघाच्या आइस हॉकी टीमचा मालिशवाला होता. जग त्या पोरांना लाल जर्सीत, शिरस्त्राण चढवून, बर्फावर वाऱ्यासारखं पळताना बघायचं. झाखार त्यांना टेबलावर पालथं पडून कण्हताना बघायचा. कुणाचा खांदा कॅनडात निखळला, कुणाची बरगडी प्रागमध्ये मोडली, कुणाच्या कमरेत सुटीत चोरून केलेली लाकूडतोड बसलीय, हे त्याची बोटं बिनचूक सांगायची. वर्तमानपत्रवाले संघाचा इतिहास लिहायचे तो कपांचा आणि पदकांचा. खरा इतिहास माझ्या टेबलावर उताणा-पालथा होत असतो, असं झाखार म्हणायचा, आणि त्यात बढाई फारशी नव्हती.

सलग नऊ वर्षं जगज्जेतेपद घरी आणलं, त्यातली बहुतेक वर्षं हात त्याचेच होते. कॅनडाच्या धंदेवाईक खेळाडूंना त्यांच्याच देशात जाऊन पहिल्याच सामन्यात पाणी पाजलं तेव्हाही तोच होता. आणि अमेरिकेतल्या ऑलिंपिकमध्ये कॉलेजच्या पोरांनी आपलं नाक कापलं तेव्हाही तोच. त्या दिवशी सामना संपल्यावर त्यानं टेबल पुसून, तेल कोमट करून ठेवलं, आणि एकही खेळाडू आला नाही. जिंकलं की सगळ्यांचं अंग दुखतं आणि हरलं की कुणाचंच दुखत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

त्या नामुष्कीनंतर संघाभोवतीचं कुंपण आणखी उंच झालं. कुंपण आधीही होतंच. वर्षातले दहा महिने पोरं मॉस्कोबाहेरच्या शिबिरात राहायची, बायकामुलांना पंधरवड्यातून एकदा भेटायची, तेही सामना जिंकला तर. आणि परदेशात स्पर्धा सुरू झाली की घरचं पत्र, तार, निरोप, जे काही येईल ते आधी पथकाच्या प्रमुखाच्या खोलीत जायचं. मुलगी झाली, फ्लॅट मिळाला, असली गोड बातमी लगेच हातात पडायची. वाईट बातमी स्पर्धा संपेपर्यंत प्रमुखाच्या खिशात राहायची. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं आणि त्याविरुद्ध कुणी ब्रही काढत नव्हतं. झाखारची स्वतःची आई वारली तेव्हा तो स्टॉकहोममध्ये गुडघे चोळत होता. तिला माती देऊन आठवडा उलटल्यावर त्याला विमानतळावर सांगितलं. तो घरी गेला, तिच्या थडग्याजवळ एक तास बसला आणि सोमवारी कामावर हजर झाला. सगळे असंच करायचे.

तर त्या वसंतातली जागतिक स्पर्धा हेलसिंकीला होती. पथकाचा प्रमुख होता गोर्देई पाव्लोविच ल्यापिन. हा माणूस हॉकी कधी खेळलेला नव्हता. स्केट घालून बर्फावर उभा केला असता तर कठड्याला घोरपडीसारखा चिकटून राहिला असता. पण सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या पेटीत असायचे, आणि ज्याच्या पेटीत पासपोर्ट त्याच्यापुढं खांदे, गुडघे आणि मालिशवाले सगळेच नरम असतात.

स्पर्धेच्या मध्यावर, शुक्रवारी सकाळी, ल्यापिननं झाखारला खोलीत बोलावलं.

“बसा, येफिमिच. दार लावा आधी.”

झाखारनं दार लावलं. ल्यापिन खिडकीशी उभा राहून चष्मा पुसत होता.

“सुखानोवचा खांदा कसा आहे?”

“डावा ना? रोज तासभर घेतो. चोळला की चालतो, नाही चोळला तर दुसऱ्या दिवशी हात कानाच्या वर जात नाही.”

“म्हणजे तो रोज तुमच्याकडे तासभर असतो.”

“असतो की.”

“आणि बोलतो.”

“ग्लेब? तो झोपेत पण बोलत असेल.” झाखार हसला. ल्यापिन हसला नाही.

“त्याचे वडील गेले. काल सकाळी. विहिरीवरून पाणी आणताना अंगणातच पडले.”

झाखारचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, आवरायचं कसं ते त्याला सुचेना. ग्लेबचे वडील, तिमोफेई सुखानोव, त्यानं एकदाच पाहिले होते. शिबिराच्या फाटकाबाहेर, हातात खारवलेल्या माशांचं पुडकं घेऊन, दोन तास बर्फात उभे होते. आत यायला पास लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“माती कधी आहे?” त्यानं विचारलं.

“उद्या. तिसऱ्या दिवशी, रीतीप्रमाणं.”

“मग संध्याकाळची लेनिनग्राडची गाडी आहे. आज बसला तर उद्या दुपारपर्यंत...”

“उद्या दुपारी कॅनडाशी सामना आहे,” ल्यापिन म्हणाला. “आणि मंगळवारी स्वीडनशी, आणि गुरुवारी चेक लोकांशी. डाव्या बाजूच्या बचावाला माझ्याकडे दुसरा माणूस आहे का? तुम्हीच सांगा, सगळ्यांची हाडं तुम्हाला ठाऊक आहेत.”

दुसरा माणूस होता, पण त्याच्या घोट्यात पाणी झालं होतं आणि ते झाखारनंच चार दिवसांपूर्वी कळवलं होतं.

“आणि हे माझं म्हणणं नाही,” ल्यापिननं टेबलाच्या खणावर हात ठेवला. “आईचंच आहे. बाईनं स्वतः तार केलीय, ग्लेबला सांगू नका, स्पर्धा होऊ द्या, त्याच्या वडलांची तीच इच्छा होती म्हणून. असल्या आया आहेत म्हणून देश उभा आहे, येफिमिच. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. गावात फोन नाही ते बरं आहे. त्याला काही शंका आली, कुणाकडून काही कानावर आलं, तर मला सांगा. कळलं?”

“कळलं,” झाखार म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याला थोडं हलकंही वाटलं, हे सांगायलाच हवं. आईचंच म्हणणं असेल तर आपण कोण बोलणारे! आईपेक्षा मावशीचं प्रेम जास्त, असं व्हायला नको. एवढं मनाशी म्हणून तो टेबल मांडायला गेला.

ग्लेब सुखानोव दुपारी आला तो हातात एक चपटा डबा नाचवत. चोवीस वर्षांचा, दाराची चौकट भरून टाकणारा गडी, पण काही आवडलं की तोंड थेट शाळकरी पोराचं व्हायचं.

“येफिमिच, डोळे मिटा.”

“डोळे मिटून खांदा कसा चोळू, लेका? तुझा समजून टेबलाचा पाय चोळेन.”

“बघा तर!” त्यानं डबा उघडला. आत गळाला लावायचे पितळी मासे ओळीनं मांडलेले, लाल डोळ्यांचे, एकेक बोटाएवढा. “फिनलंडचे. आमच्या शेक्स्ना नदीतले मासे हे बघून स्वतः होऊन वर उडी मारतील. बाबांना दिले ना, तर महिनाभर मला शिव्या देणार नाहीत.”

“टाक अंग,” झाखार म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “पालथा हो.”

ग्लेब पालथा झाला. झाखारनं तळहातावर तेल घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. लेनिनग्राडची गाडी पाचला सुटत होती. स्टेशन इथून ट्रॅमनं वीस मिनिटांवर.

आता सांगावं. एवढंच म्हणावं, लेका, ऊठ, कपडे घाल. पासपोर्टाचं काय ते मग बघू, ल्यापिनच्या दारावर धडका मारू, बाकी पोरंही येतील. की येणार नाहीत? झाखारनं बोटं खांद्याच्या पात्याखाली घातली, तिथं नेहमीची गाठ होती, आणि तोंडातून भलतंच निघालं.

“वडील शिव्या देतात तुला?”

“देतात म्हणजे! त्यांना हॉकी म्हणजे बर्फाची नासाडी वाटते. म्हणतात, एवढा छान बर्फ देवानं दिला, भोक पाडून मासे काढायचे सोडून तुम्ही त्यावर काठ्या घेऊन पळता.” ग्लेब टेबलात तोंड खुपसून हसला. “पण आम्ही अमेरिकेत हरलो तेव्हा आठवडाभर नदीवर गेले नाहीत. आईनं लिहिलं होतं. बर्फाकडे बघवत नाही म्हणाले.”

“आणखी?”

“आणखी काय?”

“सांग की. कसे आहेत, काय करतात. नुसता पडून राहिलास तर खांदा आखडतो.”

ही थाप होती. खांदा बोलण्यानं सैल होत नाही. पण झाखारच्या मनात आलं ते असं की या पोराचा बाप अजून याच्यापुरता जिवंत आहे, आणि तो जिवंत आहे तोवर त्याच्याबद्दल याला पोटभर बोलू द्यावं. उद्या-परवा बोलायला बसेल तेव्हा रडू येईल. आज हसत बोलतोय तर बोलू दे. झाखारला ते दान वाटलं. दुसरं द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं, जे होतं ते द्यायची हिंमत नव्हती.

मग ग्लेब बोलत सुटला. बाबा लाकडाच्या वखारीत करवतीवर होते, दोन बोटं तिथंच राहिली, तरी जाळं विणतात. घोरतात एवढे की मांजर ओसरीवर झोपतं. आईशी भांडण झालं की बोलत नाहीत, पण तिच्या बुटांना रोज रात्री मेण लावून ठेवतात. झाखार विचारत गेला. मधमाश्या आहेत का? होत्या, गेल्या. कुत्रं? बुरान नावाचं, बाबांसारखंच बहिरं.

“आणि झोप? झोप लागते का त्यांना बरी?” झाखारनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर घाईनं तळहातावर आणखी तेल घेतलं.

“कुठली! रात्रभर खोकतात. या उन्हाळ्यात मॉस्कोला आणून डॉक्टरला दाखवणार आहे. तुम्ही ओळखता ना कुणाला, येफिमिच? छातीवाल्याला?”

“ओळखतो,” झाखार म्हणाला.

घड्याळात सव्वातीन झाले होते. ग्लेब उठला, हात गरगर फिरवून बघितला आणि म्हणाला, “आज काय हात लागलाय तुमचा! लोण्यासारखा झालाय.” डबा काखेत मारून तो शीळ घालत गेला. पाच वाजता झाखार ट्रॅमच्या थांब्यापर्यंत उगाच जाऊन आला.

शनिवारी ग्लेब कॅनडाशी खेळला आणि फार चांगला खेळला. सामना चालू असताना झाखार बाकामागं उभा होता. तो बर्फाकडे बघत नव्हता. आता शवपेटीवर झाकण घालत असतील, आता दोरांवरून खाली सोडत असतील, असा हिशेब त्याच्या डोक्यात चालला होता. मध्यंतरात ग्लेब पाणी प्यायला आला, त्याला डोळा मारून गेला.

रविवारी आणि सोमवारीही तासभर बापाच्याच गोष्टी झाल्या. आता ग्लेबलाच ती चटक लागली होती. टेबलावर पडला रे पडला की स्वतःहून सुरू करायचा, “काल सांगायचं राहिलं, एकदा बाबा...” झाखार हं हं करत राहायचा. तोंडात मूग धरून बसणं सोपं नसतं, पण मूग धरून त्या तोंडानं हसणं त्याहून अवघड. सोमवारी तो चोळता चोळता मध्येच थांबला. ग्लेबनं मान वळवून विचारलं, “बरं नाही का, येफिमिच? रक्तदाब मोजून घ्या. आमच्यापायी मराल एक दिवस.”

गुरुवारी सुवर्णपदक मिळालं. ध्वज वर चढला, राष्ट्रगीत वाजलं, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. अमेरिकेतला डाग धुतला म्हणून ल्यापिन रुमालानं डोळे पुसत होता. ग्लेबनं आपलं पदक काढून झाखारच्या गळ्यात घातलं आणि ओरडला, “हा बघा, खरा बचावपटू!” सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. झाखारनं ते पदक इतक्या घाईनं काढलं की फीत कानाला अडकली.

विमानात, पट्टे सोडल्यावर, ल्यापिननं ग्लेबला पुढं बोलावून घेतलं. झाखारला मागून फक्त उभ्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. ल्यापिनचा हात ग्लेबच्या पाठीवर गेला. पाठ हलली नाही. खूप वेळ हलली नाही. झाखारनं हजार वेळा हाताखालून काढलेली ती पाठ होती, आणि ती इतकी ताठ त्यानं कधी पाहिली नव्हती.

मग ग्लेब उठला आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना धरत मागं आला. पोरांची गाणी बंद पडली.

“तुम्हाला कधी कळलं?” त्यानं झाखारला विचारलं.

झाखारला खोटं बोलता आलं असतं. “शुक्रवारी,” तो म्हणाला.

“कुठल्या शुक्रवारी?”

“मागच्या. सकाळी.”

ग्लेबनं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. त्याचा चेहरा आधी फक्त कोरा होता, आता त्यावर कळ उमटली.

“सकाळी. म्हणजे मी ते मासे घेऊन आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही विचारलंत, झोप लागते का त्यांना बरी.”

“ग्लेब, लेका, मला वाटलं...”

“मला सांगायला लावलंत सगळं. चार दिवस. आणि मी मूर्ख, सांगत होतो. तुम्ही हसत होतात.”

“तुझ्या आईचीच तार होती,” झाखार कसाबसा म्हणाला. “सांगू नका म्हणून. तिनंच कळवलं होतं.”

“आईनं?” ग्लेबनं एवढंच म्हटलं. तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि मॉस्को येईपर्यंत त्यानं कपाळ समोरच्या खुर्चीला टेकवून ठेवलं.

पुढचा महिना झाखारनं कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. शिबिर बंद होतं, पोरं सुटीवर होती. त्याची बायको म्हणायची, अंगाला लावलेलं तेल धुवायला विसरलात की काय, सारखे हात धुताय. ग्लेबला त्यानं तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. कागदावर ते सगळं बहाण्यासारखं दिसत होतं. शेवटी त्याच्या मनानं घेतलं की चाळिसाव्या दिवशी जावं. चाळिसाव्या दिवशी मेलेल्याचा आत्मा घर सोडून जातो म्हणतात, त्या दिवशी दाराशी आलेल्या कुणाला हाकलत नाहीत. जावं, आईच्या पाया पडावं, पोराचीही क्षमा मागावी. आईची तार होती या एका गोष्टीवर त्याचा सगळा धीर उभा होता.

रात्रभर आगगाडी आणि सकाळी दीड तास बस करून तो ग्लेबच्या गावी, ओल्खोव्काला उतरला. नदी काठोकाठ भरून वाहत होती आणि कुंपणाकुंपणाला जांभळी लायलॅक फुललेली होती. सुखानोवांचं घर विचारावं लागलं नाही. दार सताड उघडं होतं, आत बायाबापड्या मेजाभोवती बसल्या होत्या, आणि तिमोफेईच्या फोटोपुढं व्होडकाचा पेला काळ्या पावाच्या तुकड्यानं झाकून ठेवला होता.

ग्लेब मेजाच्या टोकाला होता. झाखारला बघून तो उभा राहिला, पण पुढं आला नाही. पुढं आली ती त्याची आई, आग्निया पेत्रोव्ना. बुटकी, वाळकी, काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेली बाई.

“ग्लेब, कोण रे हे?”

“झाखार येफिमिच, आई. संघातले.”

“मालिशवाले येफिमिच!” बाईनं दोन्ही हात पसरले. “अगं बाई, एवढ्या लांबून आलात! ग्लेबच्या प्रत्येक पत्रात तुम्ही असताच. या, आधी जेवा. चाळिसाव्याला कुणी उपाशी उभं राहायचं नसतं. माशा, सरक गं थोडी.”

त्याला बसवलं. ताटात आधी गव्हाची गोड खीर वाढली, आधी तीच खायची असते, मग मांडे. पेला भरला. मेलेल्यासाठी पिताना असते त्या रीतीप्रमाणं, पेल्याला पेला न लावता सगळ्यांनी उभं राहून घोट घेतला. झाखारनं जे बोलायचं म्हणून रात्रभर गाडीत घोकलं होतं, ते तोंडात आणलं.

“आग्निया पेत्रोव्ना, मी तुमच्या पाया पडायला आलोय. अशा वेळी तुम्ही जेवढं मन घट्ट केलंत...”

“कसलं घट्ट, बाबा!” ती त्याच्या शेजारी बसली आणि मांडीवर हात टाकून बोलू लागली, हे बोलणं तिनं गेल्या महिन्यात कितीतरी वेळा बोललेलं असणार. “मी तर वेडीच झाले होते. गुरुवारी पहिली तार केली, बाबा गेले, ये. उत्तर नाही. शुक्रवारी दुसरी. शनिवारी सगळं तयार, खड्डा खणलेला, माणसं जमलेली. मी म्हटलं, नाही, थांबायचं. माझं पोर वाटेत असेल. लांबून येतोय. तिसरी तार केली, थांबलोय म्हणून.”

झाखारच्या हातातला मांडा तसाच राहिला.

“लोक म्हणाले, आग्निया, उबारा वाढलाय, ठेवायचं कसं? मी म्हटलं, ठेवायचं. नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता ना, हे सगळे बापे बादल्या घेऊन गेले आणि बर्फ काढून आणला. यांना ठेवलं होतं त्या बाकाखाली, अंगाभोवती. वितळला की पुन्हा आणायचे. दोन बापे तर पडता पडता वाचले पाण्यात. खिडक्या उघड्या टाकल्या. आणि दिवसातून दोन बस येतात, दोन्हींना मी रस्त्यावर जाऊन उभी. रविवारी दोन्हींना. सोमवारी सकाळी.” तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. “सोमवारी दुपारी मग नाही थांबवलं कुणी. पाचव्या दिवशी घातलं मातीत. मीच झाकण लावू देत नव्हते. म्हटलं, चेहरा तरी बघू दे रे पोराला.”

मेजाभोवती कुणीतरी हुंदका दिला. झाखारनं ग्लेबकडे बघितलं. ग्लेब त्याच्याकडेच बघत होता, आणि त्याला हे सगळं महिनाभरापासून ठाऊक होतं हे उघड दिसत होतं.

“ग्लेब आला तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले,” आग्निया पेत्रोव्ना म्हणाली. “म्हटलं, बाप मोठा की ती हॉकीची चकती मोठी? मग त्यानं सांगितलं, आई, मला तारच मिळाली नाही. वाटेतच कुठंतरी पडल्या असणार. सीमेपलीकडचं टपाल, कोण बघतंय! एकही पोचली नाही. तेव्हा कुठं माझं मन शांत झालं, बघा. पोराचा दोष नाही.” ती थांबली. मग झाखारच्या बाहीला हात लावून, जरा खालच्या आवाजात म्हणाली, “पण रात्री पुन्हा येतं मनात. तुम्ही तर रोज त्याच्याजवळ होतात. तुम्हीच सांगा. खरंच कुणाला कळलं नव्हतं ना तिथं? एवढी माणसं होती. कुणी माहीत असून गप्प बसलं असेल, असं नाही ना?”

खोलीत सगळे झाखारकडे बघू लागले. इथं येताना त्याला वाटलं होतं की आपण खरं बोलायला चाललोय. आता खरं अगदी ओठावर होतं, आणि ते बाहेर काढलं तर या बाईला उरलेलं आयुष्य ते घेऊन झोपावं लागणार होतं. ग्लेब जागेवरून हलला नाही. त्यानं फक्त मान किंचित, अगदी किंचित, नकारार्थी हलवली.

“नाही,” झाखार म्हणाला. “कुणालाच कळलं नव्हतं.”

“शपथ?”

“शपथ.”

तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, मोठा श्वास सोडला, आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन दाबले. “मग बरं. टपालाला काय, ते मेलं आंधळंच असतं. माणसांनी असं केलं असतं तर मला सोसवलं नसतं.” आणि तिनं त्याच्या ताटात आणखी दोन मांडे वाढले, वर मध ओतला, आणि तो ते खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. त्यानं ते सगळे खाल्ले.

बसपर्यंत पोचवायला ग्लेब आला. आई म्हणाली म्हणून आला. दोघं कुंपणांच्या मधल्या कच्च्या रस्त्यानं चालले. थांब्यावर कुणी नव्हतं.

“परत येऊ नका,” ग्लेब म्हणाला. रागानं नाही, कामाचं काहीतरी सांगावं तसं. “ती पुन्हा विचारेल. एकदा जमलं तुम्हाला, दुसऱ्यांदा जमणार नाही.”

“नाही येणार.” झाखारनं टोपी काढली, पुन्हा घातली. “ग्लेब, देवाशपथ सांगतो, मला वाटलं होतं तिचीच इच्छा आहे. ल्यापिन म्हणाला, तार आलीय, तिनंच...”

“तार बघितलीत तुम्ही?”

“नाही.”

“त्याच्याकडे मागितलीत? दाखवा म्हणालात?”

वळणावर बसची धूळ दिसू लागली. झाखारला वाटलं, एखादं कारण सापडेल, निदान एखादं. पण शुक्रवारची ती सकाळ त्याला स्वच्छ आठवत होती. खणावर ठेवलेला ल्यापिनचा हात आठवत होता, आणि आपण त्या खणाकडे का बघितलं नाही तेही.

“नाही मागितली,” तो म्हणाला. “बघितली असती तर तुला सांगावं लागलं असतं.”

ग्लेबनं मान हलवली. बस थांबायच्या आत तो वळून घराकडे चालू लागला होता.